वाइन टूरमध्ये बाग कुठे असते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाशिकच्या वाइन सहलींवर लेख आला होता. त्यावर पुढे वाचकांची पत्रंही आली. लेखकाला तळघरातला गारवा, ग्लासातला रंग आणि गंगापूर धरणावरचा सूर्यास्त फार आवडलेला दिसतो. पत्र पाठवणाऱ्या एका सद्गृहस्थांना हा सगळा प्रकार म्हणजे तीर्थक्षेत्राची विटंबना वाटली. दोघांचंही मी शेवटपर्यंत वाचलं. द्राक्ष कोण पिकवतं, याबद्दल दोघांनीही एक ओळ लिहिलेली नव्हती, म्हणून मी लिहिते आहे. पत्र लांबलं तर कात्री लावा; छाटणीची आम्हाला सवय आहे.

आम्ही दिंडोरी तालुक्यातले. निम्मी बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची. उरलेली वाइनची, त्यात पांढऱ्या वाइनची शेनिन ब्लां आणि लाल वाइनची शिराज. वाइनचा माल कराराने एका वायनरीला जातो. करार चालू असल्याने माझं नाव छापू नये, आणि वायनरीचं नाव मी सांगणार नाही. हंगामात आमचा पिकअप गेटातून आत जातो, काट्यावर वजन होतं, साखर तपासतात, क्रेट उतरवतात, पावती हातात पडते आणि गाडी मागे फिरते. काट्याच्या पलीकडे काय चालतं हे आमच्या घरातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. या जूनमध्ये मी पाहिलं, तेही तिकीट काढून.

भाचा आणि त्याची बायको ठाण्याला असतात. पावसाळा लागला की त्यांच्या ऑफिसातली माणसं शनिवार-रविवार गाठून नाशिकला येतात. सकाळी त्र्यंबकला दर्शन, दुपारी वायनरी, संध्याकाळी परत. या वेळी ही दोघं आमच्याकडे मुक्कामाला आली आणि मलाही ओढून नेलं. "मावशी, तुझ्याच द्राक्षांची वाइन आणि तूच बघितली नाहीस?" भाचेसुनेने मोबाइलवर तिघांची तिकिटं काढली. वायनरी दाखवणार, पाच-सहा वाइनची चव देणार आणि वर जेवण. यांना म्हटलं, तुम्हीही चला. हे माळकरी. म्हणाले, "मी तिथं येऊन काय करू? तू जा. आणि आलीच आहेस म्हणून काट्यावर मागच्या बिलाचं विचारून ये."

जेवणासकट एका माणसाचे जे पैसे घेतात, त्यात आमच्या शेनिनचं वीस किलोचं क्रेट भरून वर थोडी उरतात. ही तक्रार नाही. जागा, नोकरमाणसं, काचेचे ग्लास, सगळ्याला खर्च येतो. पण तिकीट काढताना मनातल्या मनात हिशोब झालाच.

आत गेल्यावर मी रमले. गाइड नाशिकचाच मुलगा, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, बोलायला गोड. आमच्याबरोबर मुंबई-पुण्याची पंधरा-वीस माणसं. आमचे क्रेट जिथं उतरतात त्याच्या मागेच पहिली मशिन आहे. घड वरून पडतो, आत फिरणारा जाळीचा पिंजरा मणी खाली सोडतो आणि देठ दुसऱ्या तोंडाने बाहेर टाकतो. पांढऱ्या वाइनसाठी मणी पुढे एका आडव्या पिंपात जातात. त्यात रबरी पिशवी हवेने फुगते आणि रस हळूहळू पिळते. जोर जास्त झाला तर बी चिरडते आणि कडवटपणा रसात उतरतो, म्हणून घाई करत नाहीत. मग दोन मजली उंचीच्या स्टीलच्या टाक्या. पांढरी वाइन तिथं बारा ते सोळा अंशांवर सावकाश आंबवतात. लाल वाइन सालीसकट आणि जरा उबेत. शिराजचा मणी चिरून बघितला तर आतला गर फिकाच असतो, लाल रंग सगळा सालीतून येतो, हे ऐकून दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तळघरात ओकच्या लाकडाची पिंपं, प्रत्येकी 225 लिटरची, ओळीने मांडलेली. पिंपातून थोडी वाइन उडून जाते म्हणून ती अधूनमधून वरून भरावी लागतात. हे सगळं त्या मुलाने छान सांगितलं. आमचा माल काय काय सोसतो ते मला पहिल्यांदा समजलं.

खटकलं ते पुढे, गच्चीवर गेल्यावर. तिथून वायनरीच्या स्वतःच्या काही एकर वेली दिसतात. जूनमध्ये उभ्या तारांवर नुसता पाला. एका बाईंनी विचारलं, "द्राक्षं कुठे आहेत?" गाइड म्हणाला, "मॅडम, सीझन मार्चमध्ये संपला. आता वेलीवर काही नसतं." सगळ्यांनी पाल्याला पाठ करून फोटो काढले आणि खाली उतरले.

काही नसतं? संपादक महाशय, पुढच्या फेब्रुवारीत किती घड लागणार हे याच दिवसांत ठरतं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली की भागतं. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, वेल झोपत नाही, म्हणून आम्हाला वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी. दोन छाटण्या आणि पीक एकच. खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते आणि साधारण चाळिसाव्या दिवसापासून त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या कोंबात, घड तयार होऊ लागतो. एवढासा डोळा, त्याच्या आत घड! बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत काडीवर ऊन पडायला हवं, पाणी बेतानं हवं, नत्र जास्त झालं तर डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे तारेला वेटोळे घालणारा तंतू, धरते. 2025 साली मे महिन्यातच पाऊस कोसळला, आभाळ हटेना, काडीला ऊन मिळेना. तेव्हाच आमच्याकडची माणसं म्हणाली होती, पुढचा हंगाम गेला. गोडी छाटणीच्या आधी आम्ही बागेतल्या काड्या तपासणीला नेतो. तिथं डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कितव्या डोळ्यावर घड आहे ते सांगतात. त्यावरून छाटणी ठरते. एखाद्या वर्षी पहिल्या चार-पाच डोळ्यांत काहीच सापडत नाही आणि तपासणाऱ्या बाईचं तोंड बघून आपण आधीच ओळखतो.

एक सूक्ष्मदर्शक त्या गच्चीवर ठेवायला काय खर्च येणार आहे? पाहुण्याला काडीचा डोळा चिरून दाखवा आणि म्हणा, तुम्ही दोन वर्षांनी जी बाटली उघडाल ती ही. ग्लास गोल फिरवायला शिकवण्याआधी हे शिकवा.

गच्चीवरून उतरताना तो मुलगा आणखी एक वाक्य बोलला. हाताने वेलींचा अर्धगोल दाखवून, "आमची सगळी वाइन इथल्या द्राक्षांपासून बनते." भाचेसून माझ्याकडे बघायला लागली. मी गप्प बसणार होते, पण तिनेच विचारलं, "सगळी? मग या आमच्या मावशी दरवर्षी माल घालतात तो?" मुलगा क्षणभर गडबडला. नंतर बाजूला येऊन मला म्हणाला, "काकू, बराचसा माल बाहेरून येतो. दिंडोरी, निफाड, सगळीकडून. पण स्क्रिप्टमध्ये असंच आहे." त्याच्यावर माझा राग नाही, त्याला जे पाठ करून दिलंय तेच तो बोलतो. पण ज्याने कुणी ते लिहून दिलं, त्याला शंभरावर शेतकऱ्यांची नावं हंगामात तोंडपाठ असतात, कारण कुणाची साखर किती भरली आणि कुणाची गाडी परत पाठवायची हे त्याच वहीत असतं.

आता चवीकडे वळते, कारण लोक त्यासाठीच येतात. लांब टेबल, प्रत्येकापुढे ग्लास, मध्ये थुंकायला भांडं. थुंकणं हा इथला शिष्टाचार आहे, हे मला बरं वाटलं. आम्ही बागेत मणी चाखतो तेव्हाही गिळत नाही, दिवसभर चाखायचे असतात. मी घोटाघोटाने चव घेतली. आमच्याकडे बायकांनी असलं काही केलं की बोभाटा होतो, पण जिच्या हातचं पीक आहे तिने त्याची चव बघू नये, हे मला पटत नाही. स्वयंपाक करणारी आमटी चाखते ना?

शेनिन आली. नाकाशी नेली तर पिकलेल्या पेरूचा वास आणि खाली हलका आंबूसपणा. हा आंबूसपणा मला ओळखीचा होता. फेब्रुवारीत दुपारचं ऊन चढायला लागलं की आम्ल भराभर उतरतं, म्हणून कंपनीचा माणूस शेनिन लवकर तोडायला लावतो आणि तोडणी पहाटे अंधारात, डोक्याला बॅटऱ्या बांधून करतात. गार माल गार असतानाच पोचवायचा. आमची सून दरवर्षी कुरकुरते, चारला उठून कसली द्राक्षं तोडायची. त्या ग्लासात मला चारला उठण्याचं कारण सापडलं.

मग शिराज. गाइड म्हणाला, काळ्या मिरीचा वास येतो का बघा, आणि 'टॅनिन'मुळे जीभ कोरडी पडते. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. मला समजावून सांगावं लागलं नाही. शिराज तोडणीला आली का हे नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजायच्या यंत्रावर, ठरत नाही. साखर 23-24 ब्रिक्स दाखवते आणि तरी माल कच्चा असतो. मणी तोंडात घ्यायचा, साल चावायची, बी दाढेखाली फोडायची. बी हिरवट असेल तर कडू आणि चिवट लागते. तपकिरी झाली, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडकन फुटली, की कात्री लावायची. साल चावल्यावर जो तुरटपणा हिरड्यांना धरतो, तोच त्या घोटात होता, फक्त गुळगुळीत होऊन आलेला. मी त्या मुलाला हे सांगितलं. त्याने हंगामात कधी बी फोडून बघितली नव्हती. त्याची सुट्टी सोमवारी असते आणि बागा दाखवायला कुणी नेलं नाही, म्हणाला.

टेबलावर फ्रान्सचा विषय पुष्कळ झाला. बोर्डो असं करतात, बोर्डो तसं करतात. मला हसू येत होतं. आमच्या भागात पावसाळ्यात बोर्डो न मारलेली बाग दाखवा. मोरचूद आणि चुना. 1880 च्या दशकात केवडा या बुरशीच्या रोगाने तिथल्या बागा बसल्या तेव्हा त्याच फ्रेंच भागात हे मिश्रण सापडलं आणि त्यावर आम्ही आजही उभे आहोत. पंप पाठीवर घेतलेल्या गड्याच्या कपड्यांवर तो फिकट निळा डाग धुवून जात नाही. पाहुण्यांना ओकच्या पिंपाची गोष्ट सांगता, तशी ही निळ्या डागाचीही सांगा. दोन्ही एकाच गावची.

आणि एक गोष्ट, जी ऐकून भाच्याने घास खाली ठेवला. गोडी छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाइडची. एकेक डोळा, स्पंजाने किंवा कापडाने, हातमोजे घालून. हे औषध हाताळलेल्या माणसाने त्याच्या आगेमागे दारू घेतली तर अंग लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून पेस्टच्या दिवसांत टोळीला आम्ही बजावून सांगतो, थेंबसुद्धा घ्यायचा नाही. वाइनच्या बागेतसुद्धा हेच. ही टोळी पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूची. छाटणीला येतात, बांधावर पाल टाकून राहतात, शेकोटीवर रांधतात, पुढच्या बागेला जातात. वायनरीच्या भिंतीवर लावलेल्या सगळ्या फोटोंत मला यातला एकही चेहरा दिसला नाही. एका फोटोत टोपल्या घेतलेल्या बायका आहेत खऱ्या, पण त्यांच्या कपड्यांची इस्त्री मोडलेली नाही. आणि आम्ही टोपलीत तोडत नाही, क्रेटमध्ये तोडतो.

जेवण. इथे मी जरा वेळ काढणार आहे. बसायची जागा सुंदर, समोर डोंगर, पाऊस भुरभुरत होता. मेन्यूकार्डात पिझ्झा, पास्ता, पनीर टिक्का, थाई करी. सुरुवातीला लाकडी पाटीवर चीज आणि त्याच्या कडेला काळी द्राक्षं. जूनमध्ये! मी घड उचलून देठ बघितला. वाळून तपकिरी. शीतगृहातली असतील नाहीतर बाहेरदेशची. द्राक्षाच्या तालुक्यात पाहुण्याला देठ वाळलेलं द्राक्ष द्यायचं आणि आमच्या घरातला बेदाणा द्यायचा नाही, याला काय म्हणावं? नाशिक-सांगलीच्या बेदाण्याला काय कमी आहे?

पिझ्झा वाईट नव्हता. पण ठाण्याची माणसं ठाण्यात मिळणारा पिझ्झा खायला एवढा घाट चढून येतात, असं मला वाटत नाही. भाचेसुनेचा डबा मी सकाळी दिला होता, बाजरीची भाकरी आणि ठेचा. बाहेरचं आत चालत नाही म्हणून तो गाडीत राहिला. परतताना गाडीतच खाल्ला. शेनिनची एक बाटली घेतली होती. घरी आल्यावर ठेच्याबरोबर तिने ती पुन्हा घेऊन बघितली आणि म्हणाली, मावशी, पास्त्याबरोबर पाण्यासारखी लागली होती, आता कळतेय. किंचित गोडसर, गार वाइन आणि तिखट, हे जमतं. हुलग्याची शेंगोळी, काळ्या मसाल्यातलं वांगं, चुलीवरची मिसळ, आणि शेवटच्या त्या गोड वाइनबरोबर पुरणाचा मांडा. आमच्या गावात खापरावर मांडे करणाऱ्या बायका आहेत, बचत गट आहे, लग्नाच्या पंगती उठवतात. रविवारच्या शंभर पानांचं काम त्यांना जड नाही. वायनरीच्या स्वयंपाकघराला स्वच्छतेचे नियम असतील, परवाने असतील, ते त्यांना शिकवा. दोन पदार्थांपासून सुरुवात करा.

आता थोडं जुनं. गाइडने वायनरीचा इतिहास सांगितला तो मालकांच्या स्वप्नापासून सुरू झाला. ठीक आहे. नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूला 1997 च्या सुमारास वाइनच्या वेली लागल्या आणि 2000 मध्ये बाटली बाजारात आली, तेव्हा आम्हीही त्या वेली कुतूहलाने बघायला गेलो होतो. 2001 मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले. गावोगाव मेळावे व्हायचे. जीए, म्हणजे मणी फुगवायचं संजीवक, नको, त्यात घड बुडवणं नको, विरळणी नको, निर्यातीची कटकट नको, भाव आधीच ठरलेला. खरंच होतं ते. थॉमसनला एका घडामागे जेवढे हात लागतात, त्याच्या निम्मेही वाइनच्या द्राक्षाला लागत नाहीत. लोकांनी थॉमसन तोडून शिराज, कॅबर्ने लावली.

मग 2008-09 ची मंदी आली. बाटल्या खपेनात, टाक्या भरलेल्या, आणि वेलीवरचा माल उचलायला कुणी येईना. वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही. मणी बारीक, बी मोठी, साल जाड; कोण खाणार? आमच्या शेजारच्या शिवारात उभ्या बागांना कुऱ्हाड लागली. पुन्हा थॉमसन. काहींचे पैसे कुठे कुठे अडकले ते अडकलेच. आम्ही टिकलो कारण निम्मी बाग खायच्या द्राक्षाची ठेवली होती, सासऱ्यांच्या हट्टामुळे. वायनरीच्या भिंतीवरच्या सनावळीत 2005 नंतर एकदम 2012 येतं. मधली वर्षं आमच्याकडे आहेत, हवी असतील तर देऊ.

आणि जानेवारी 2022. सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा टीव्हीवर रोज शेतकरी, शेतकरी. हा निर्णय शेतकऱ्यांच्या भल्यासाठी, असं सांगितलं गेलं. विरोध झाला, निर्णय बारगळला. कोण बरोबर हा वाद मी इथे काढत नाही. एवढंच म्हणते, दुकानाची परवानगी मागताना आमचं नाव पुढे करता, तर टूर काढतानाही करा. वाइनवर जो 20 टक्के व्हॅट लागतो त्यातला 16 टक्के प्रोत्साहन योजनेतून वायनरीला परत मिळतो. ही योजनाही राज्यातलं द्राक्ष पिकावं, प्रक्रिया व्हावी म्हणूनच आहे. माझा तिला विरोध नाही, तिच्यामुळे आमचा माल उचलला जातो हे मला माहीत आहे. पण जनतेचा पैसा घेणाऱ्याने बाटलीवर एक ओळ छापावी, की यातलं द्राक्ष अमुक गावांचं. दुधाच्या पिशवीवर संघाचं नाव असतं. हापूसच्या पेटीवर देवगड लिहिलेलं असतं, त्यासाठी चार पैसे जास्तही मिळतात. 'नाशिक व्हॅली' या नावाला भौगोलिक मानांकन आहे, ते उत्तम. पण व्हॅलीच्या आत गावं आहेत आणि गावागावाची माती वेगळी आहे. मोहाडीची काळी आणि सांजेगावची मुरमाड एकाच मापाने मोजता का? मग पाहुण्याला तरी का सांगत नाही?

विटंबनेबद्दल लिहिणाऱ्या गृहस्थांनाही दोन शब्द. माझे सासरे माळकरी होते. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जायचे, आणि ती यात्रा नेमकी आमच्या लवकरच्या तोडणीच्या तोंडावर यायची. वाइनची बाग लावायची ठरली तेव्हा गावातल्या एकाने त्यांना भर पारावर टोचलं होतं. ते म्हणाले, "मी द्राक्ष पिकवतो. त्याचा प्रसाद करायचा की आणखी काही, हे घेणाऱ्याने बघावं." त्यांनी जन्मात थेंब घेतला नाही आणि बागेत एक वेल वाळू दिली नाही. घरात दारूने संसार बुडालेले आम्ही बघितलेत, तुमच्यापेक्षा जवळून बघितलेत. ते वाइनच्या टूरने बुडालेले नव्हते, हातभट्टीने आणि बिनपावतीच्या बाटलीने बुडाले. तुमची चीड तिकडे वळवा, आम्ही बायका बरोबर येऊ.

मात्र एका बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. आमच्या टेबलावरच्या चार मित्रांपैकी ज्याच्या खिशात गाडीची किल्ली होती, तोही सगळ्यांबरोबर सहाच्या सहा वाइन घेत होता. कुणी हटकलं नाही. पुढे मुंबईपर्यंत घाट आणि ट्रकच्या रांगा. तिकीट देतानाच गाडी कोण चालवणार हे विचारा, त्याच्या मनगटाला पट्टी बांधा, त्याला द्राक्षाचा ताजा रस द्या आणि पैसे कमी घ्या. नाशिक स्टेशनवरून बस सुरू करा. 2027 ला कुंभमेळा आहे, रस्ते आधीच भरतील. एखाद्या रविवारी मोठा अपघात झाला की टूर बंद, वायनरी बदनाम, आणि माल कुणाचा पडून राहील ते सांगायला नको.

माझं म्हणणं फार मोठं नाही. टूरमधला एक तास बागेत घालवा, आणि वायनरीच्या दारातल्या शोभेच्या ओळीत नको, माल घालणाऱ्या शेतकऱ्याच्या खऱ्या बागेत. त्याला त्या तासाचे पैसे द्या. राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात नोंदणी करून हे सरळ मार्गाने करता येतं. फेब्रुवारीत तोडणी दाखवा, एप्रिलमध्ये खरड छाटणी, जूनमध्ये काडी, ऑक्टोबरमध्ये पेस्ट. 'सीझन संपला' असा एकही महिना आमच्याकडे नसतो. गारपीट झालेल्या वर्षीही आणा. फुटलेल्या मण्यांवर बसलेल्या माश्या बघितल्यावर बाटलीची किंमत कुणाला जास्त वाटणार नाही.

हे सगळं मी निघताना तिथल्या मॅनेजरसाहेबांना थोडक्यात सांगितलं. ते सभ्यपणे ऐकत होते. मागच्या बिलाचंही विचारलं, ते अकाउंट्सला विचारा म्हणाले, आणि रविवारी अकाउंट्स बंद असतं. घरी पोचायच्या आत भाचेसुनेच्या मोबाइलवर लिंक आली, 'आजचा अनुभव कसा वाटला?' एक ते पाच तारे. मी चार द्यायला सांगितले. एक त्या वाळलेल्या देठाचा कापला. सूचनांसाठी खाली दोन ओळींची जागा होती, त्यात एवढं मावलं नसतं, म्हणून आपल्याकडे पाठवते आहे.

आपली,
एक द्राक्ष उत्पादक
ता. दिंडोरी, जि. नाशिक
(नाव व पत्ता कार्यालयीन नोंदीपुरता सोबत दिला आहे.)